राहतो कोण, हे कायद्याने विचारावे

पुण्यातील माझी सदनिका कित्येक वर्षे भाड्याने दिलेली आहे आणि मी स्वतः इंग्लंडमध्ये राहतो. २०२३ मध्ये राज्य सरकारने पुण्यातील मालमत्ता करावरची ४० टक्क्यांची सवलत पुन्हा लागू केली, तेव्हा सोसायटीतील एका काकांनी आपुलकीने फोन करून ती मिळवण्यासाठीचा पीटी-३ अर्ज भरण्याची आठवण करून दिली. १९७० पासून चालत आलेली ही सवलत मालक ज्या घरात स्वतः राहतो त्याच घरासाठी आहे आणि मी तर तिथे राहत नाही, असे सांगितल्यावर ते म्हणाले, “अरे, गॅसचे कार्ड तुझ्याच नावावर आहे ना? मग झाले तर.”

मी अर्ज भरला नाही. पण काकांचे म्हणणे खोटे नव्हते, आणि तेच मला अस्वस्थ करते. रहिवासाचा पुरावा म्हणून सोसायटीचे ना-हरकत पत्र, मतदार ओळखपत्र, गॅस कार्ड अशी कागदपत्रे चालतात. ती पत्ता सिद्ध करतात. त्या पत्त्यावर रात्री कोण झोपते, हे सिद्ध करत नाहीत. सवलतीचा हेतू एक आणि तिची कसोटी दुसरीच, ही फट कोणा करबुडव्याने पाडलेली नसून नियम लिहितानाच राहून गेलेली आहे.

इंग्लंडमध्येही नेमके हेच घडत होते. समुद्रकिनारी दुसरे घर असलेली मंडळी ते सुट्टीसाठी भाड्याने देण्याचे घर म्हणून नोंदवत, त्यामुळे ते घरपट्टीतून निघून व्यावसायिक करात जाई आणि तिथे लहान व्यवसायांच्या सवलतीमुळे कर शून्यावर येई. वर्षातून १४० दिवस घर भाड्याने देण्याचा इरादा असणे एवढीच अट होती. एप्रिल २०२३ पासून घर प्रत्यक्षात ७० दिवस भाड्याने गेलेले असावे लागते. इराद्याच्या जागी घडलेली गोष्ट आली, एवढाच बदल. पण तोही उशिरा आला. रिकाम्या गोदामांचे उदाहरण याहून बोलके आहे. जागा सहा आठवडे वापरात दाखवली की रिकाम्या जागेची करमाफी नव्याने मिळे, म्हणून काही मालक कोपऱ्यात चार खोकी ठेवत. २०१२ च्या एका खटल्यात तर जागेच्या जेमतेम ०.२ टक्के भागात ठेवलेली कागदपत्रेही ‘वापर’ म्हणून ग्राह्य धरली गेली. ही मुदत १३ आठवडे झाली ती २०२४ मध्ये. म्हणजे इथले लोक आपल्याहून प्रामाणिक आहेत किंवा इथली व्यवस्था निर्दोष आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. इंग्लंडची घरपट्टी तर अजून १९९१ च्या किमतींवर चालते.

तरीही इथली एक गोष्ट मला मोलाची वाटते. संसदेत विधेयक समितीकडे गेले की तिथे एकेक कलम वाचले जाते, आणि पुष्कळदा सामान्य नागरिकालाही लेखी म्हणणे पाठवता येते. आपल्याकडे सवलतीची घोषणा आधी गाजते आणि शब्द मागाहून सापडतात. मुंबईतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०१९ मध्ये माफी मिळाली तेव्हा लोकांना वाटले की मालमत्ता करच गेला. प्रत्यक्षात माफ झाला होता तो त्यातला फक्त सर्वसाधारण कर, आणि जललाभ कर, मलनिःसारण लाभ कर, पथकर इत्यादी तसेच राहिले. संपूर्ण माफीचा निर्णय व्हायला जानेवारी २०२२ उजाडले. मुंबईच्याच भांडवली मूल्यावरील, म्हणजे मालमत्तेच्या बाजारभावाशी जोडलेल्या किमतीवरील, करआकारणीतले काही नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही रद्दबातल ठरवले. एका ठिकाणी शब्द तोकडा पडला, दुसऱ्या ठिकाणी नियम कायद्याच्या बाहेर गेला. दोन्ही चुका सभागृहात किंवा त्याआधी पकडता आल्या असत्या.

साधने आपल्याकडे नाहीत असे नाही. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेले तेव्हा १२ हजारांहून अधिक सूचना आल्या. करसवलत हा विषय रुक्ष म्हणून तिच्या वाट्याला असा वेळ येत नाही, पण जो मालक सवलतीला पात्र नसताना ती घेतो, त्याच्या वाट्याचा रस्ता आणि पाणी शेवटी नियमाने कर भरणाऱ्या शेजाऱ्याच्याच पैशांतून होते. पुढच्या वेळी अशी दुरुस्ती येईल तेव्हा तिचा मराठी मसुदा निदान महिनाभर आधी लोकांसमोर ठेवावा आणि समितीने प्रत्येक अटीपुढे एकच प्रश्न विचारावा, की घरात न राहणारा मालक हा अर्ज कसा भरेल. त्या समितीला माझ्या गॅस कार्डाची प्रत मी आनंदाने पाठवीन.