पेडगाव आणि येरवडा

मराठीने वेडासाठी दोन गावे राखून ठेवली आहेत. वेडाचे सोंग घेणारा पेडगावला जातो आणि ज्याचे वेड खरे ठरते त्याला आपण येरवड्याला पाठवतो. त्यातले दुसरे गाव अधिक चमत्कारिक आहे, कारण तिथे मध्यवर्ती कारागृहही आहे आणि प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे, त्यामुळे ‘तो सध्या येरवड्यात असतो’ एवढे म्हटल्याने तो माणूस आरोपी आहे की रुग्ण, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. फौजदारी वकिलीत, विशेषतः मोफत कायदेशीर मदतीच्या यादीवरची प्रकरणे चालवताना, मला हळूहळू असे वाटू लागले आहे की आपली न्यायव्यवस्था पेडगावच्या वाटेवर पहारा देण्यात इतकी गुंतली आहे की दुसऱ्या वाटेवर कोण पडले आहे, ते तिला दिसतच नाही.

एखाद्या खुनाच्या बातमीत ‘आरोपीवर मानसोपचार सुरू होते’ असे वाक्य आले की त्याखालच्या प्रतिक्रिया ठरलेल्या असतात: आता सर्टिफिकेट आणतील, वेडा ठरवतील आणि सोडवतील. ज्यांच्या घरातले माणूस गेले आहे त्यांच्या तोंडी ही भीती आली तर मी ती समजू शकतो. पण कायदा इतका भोळा नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम 22, म्हणजे पूर्वीचे भारतीय दंड संहितेचे कलम 84, आरोपीला आजार होता का एवढेच विचारत नाही. मनोविकलतेमुळे त्या कृत्याच्या वेळी, त्या घटकेला, आपण काय करत आहोत किंवा जे करत आहोत ते चुकीचे अथवा बेकायदा आहे हे कळण्यास तो असमर्थ होता का, असे ते विचारते. ही कसोटी 1843 मध्ये लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटनने ब्रिटिश पंतप्रधानांच्या सचिवाचा खून केल्यानंतर तिथल्या न्यायाधीशांनी घालून दिली आणि 2023 साली आपण नवी संहिता लिहिली तेव्हाही ती जवळजवळ तशीच ठेवली. त्या संहितेच्या पहिल्या मसुद्यात या कलमात ‘मानसिक आजार’ असा शब्द होता, पण तो फार व्यापक ठरेल म्हणून पुन्हा ‘मनोविकलता’ हा जुना शब्द आणला गेला. वैद्यकीय वेड वेगळे आणि कायदेशीर वेड वेगळे, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी स्पष्ट केले आहे, आणि आपण दुसऱ्या प्रकारात मोडतो हे दाखवण्याचा भार आरोपीवरच असतो.

आता हा भार कोणाला पेलतो, ते पाहू. न्यायालय आरोपीच्या घटनेच्या आधीच्या, वेळच्या आणि नंतरच्या वागण्याचा पुरावा मागते, आणि त्यात सर्वांत वजनदार ठरतात ते उपचारांचे जुने कागद. ज्याच्या घरच्यांनी दहा वर्षे त्याला देवऋष्याकडे नेले, दोरे बांधले, यात्रा केल्या आणि शेवटी कंटाळून त्याला गोठ्यात झोपायला लावले, त्याच्याकडे एकही केसपेपर नसतो. उलट ज्याला महागडा डॉक्टर परवडतो त्याची फाइल जाडजूड असते. म्हणजे सर्टिफिकेटची जी भीती आपण बाळगतो ती अगदीच निराधार नाही, पण त्या भीतीपोटी कठोर झालेल्या नजरेचा मार मात्र ज्याच्याकडे कागदच नाही त्याला बसतो.

आणि ‘सुटला’ या शब्दाविषयीही बोलायला हवे. मनोविकलतेमुळे निर्दोष ठरलेला माणूस त्या संध्याकाळी घरी जात नाही. त्याने ते कृत्य केले होते की नाही हे निकालात नोंदवावे लागते, आणि केले असेल तर त्याला सुरक्षित अभिरक्षेत ठेवण्याचा किंवा जबाबदारी घेणाऱ्या नातेवाइकाच्या अथवा मित्राच्या हवाली करण्याचा आदेश होतो; ती अभिरक्षा किती वर्षांची, हे कुठेही लिहिलेले नसते. मुंबईला 1960 च्या दशकात हादरवणाऱ्या रामन राघवचे नाव या संदर्भात हमखास निघते. त्याला खटल्यात हा बचाव लाभला नाही आणि फाशीची शिक्षा झाली. पुढे मानसोपचारतज्ज्ञांच्या मंडळाने त्याचा आजार बरा न होणारा ठरवल्यावर 1987 मध्ये ती जन्मठेपेत बदलली, आणि 1995 मध्ये तो कैदी म्हणूनच पुण्याच्या ससून रुग्णालयात वारला. आपल्या इथल्या सर्वांत गाजलेल्या ‘वेड्या’ खुन्याची गोष्ट अशी संपली.

पण मला खरे सांगायचे आहे ते खुनांविषयी नाही, किरकोळ गुन्ह्यांविषयी आहे, कारण गर्दी तिथे असते. काही वर्षांपूर्वी मोबाइल चोरीच्या एका प्रकरणात मला आरोपीच्या बाजूने नेमले होते. चाळिशीचा माणूस, जामीनदार नाही, आत राहून आठ महिने झालेले. अशा वेळी आमच्यात एक सोयीची रीत आहे: आरोपीने गुन्हा कबूल करायचा, न्यायालयाने भोगलेला तुरुंगवास हीच शिक्षा धरायची आणि त्याने त्याच आठवड्यात बाहेर पडायचे. मी त्याला दोन मिनिटांत हे समजावले आणि त्याने मान हलवली. तो काहीतरी पुटपुटत होता, तर त्याला घेऊन आलेला हवालदार म्हणाला, “वकीलसाहेब, नाटकं आहेत, गाडीत चांगला गप होता.” मलाही ते पटले, हे कबूल करतो.

गुन्हा कबूल आहे का, असे मॅजिस्ट्रेट मॅडमनी विचारले. तो हो म्हणाला. वकिलांनी समजावले का? हो. कोणी दबाव आणला का? हो. मॅडमनी लेखणी खाली ठेवली आणि विचारले, “आज रविवार आहे का?” तो म्हणाला, “हो.”

खटला समजून घेण्याची क्षमता नसलेल्या आरोपीवर खटला चालवता येत नाही, हे कायद्याचे पहिलीतले गणित आहे. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 328 पासून पुढे होते, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 367 पासून पुढे आहे. मी ते परीक्षेसाठी पाठ केले होते आणि समोर उभा असलेला माणूस मात्र मला दिसला नाही. त्या मॅडमनी सवयीने न विचारलेला एक प्रश्न विचारला नसता तर त्याच्या नावावर माझ्या सहीने शिक्षा लागली असती आणि तो आजारासकट रस्त्यावर आला असता. अशी किती कबुली-प्रकरणे मी उरकली असतील, याचा हिशेब मांडण्याचे धाडस मला अजून झालेले नाही.

हे लक्षात आल्यावर सगळे सुरळीत होते असेही नाही, कारण तपासणीचा आदेश, तिथे नेण्यासाठी पोलीस गार्ड, मग अहवाल, मग पुढची तारीख, या प्रत्येक पायरीवर फाइल थांबू शकते आणि अडकलेला माणूस तक्रार करण्याच्या अवस्थेत नसतो. याचे टोक पाहायचे असेल तर आसामच्या मचांग लालुंगकडे पाहावे लागते. मोरीगाव जिल्ह्यातला हा आदिवासी माणूस गंभीर दुखापतीच्या आरोपावरून 1951 मध्ये पकडला गेला आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवला गेला. 1967 मध्ये तो बरा असल्याचे रुग्णालयाने कळवले, तर त्याला घरी नव्हे, गुवाहाटीच्या तुरुंगात पाठवण्यात आले. 2005 मध्ये एक रुपयाच्या जातमुचलक्यावर तो बाहेर आला तेव्हा 54 वर्षे उलटली होती आणि खटला एक दिवसही चालला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने त्याला 3 लाख रुपये आणि दरमहा 1,000 रुपये देण्याचा आदेश दिला. 2007 मध्ये तो वारला. यात कोणी त्याचे वाईट चिंतले होते असे दिसत नाही. प्रत्येक खात्याने तो दुसऱ्या खात्याचा आहे असे मानले, एवढेच.

कायदे नाहीत असे म्हणण्याची सोय आपल्याला राहिलेली नाही. गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे घटनाबाह्य आहे, हे पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्येच सांगितले. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 नुसार रस्त्यावर भटकणारा आजारी माणूस पोलिसांनी ताब्यात घेतला तर त्याला 24 तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यावे लागते आणि कोठडीत ठेवता येत नाही. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला आरोपी न मानता तीव्र ताणाखाली असलेला माणूस मानावे, हे त्याच अधिनियमाने सांगितले. कलम 103 प्रमाणे प्रत्येक राज्यातल्या किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना हवी. आदर्श कारागृह नियमावली दर 500 कैद्यांमागे एक समुपदेशक मागते. इंडिया जस्टिस रिपोर्टने 2025 मध्ये देशभरातल्या पावणेसहा लाखांच्या आसपास कैद्यांसाठी 25 मानसशास्त्रज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ मोजले. हा आकडा वाचल्यावर कैद्याला भ्रम होतात हे प्रथम कोण ओळखत असेल, असा प्रश्न पडतो. माझ्या अनुभवात ते बहुधा बराकीतला शेजारचा कैदी ओळखतो.

फाशीच्या कैद्यांचीही गोष्ट वेगळी नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या प्रोजेक्ट 39ए या संशोधन गटाने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तपासलेल्या कैद्यांपैकी 60 टक्क्यांहून अधिक जणांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. 2019 मध्ये ‘आरोपी एक्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेनंतर जडलेल्या गंभीर मानसिक आजाराच्या कारणाने फाशी रद्द करून त्या कैद्याला मरेपर्यंत तुरुंगवास दिला आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी राज्यावर टाकली. गुन्हा दोन लहान मुलींवरील बलात्काराचा आणि खुनाचा होता. तो निकाल वाचताना माझेही हात थरथरले होते. तरीही शिक्षा का होत आहे हे ज्याला कळत नाही त्याला फासावर नेऊन आपण नेमके काय साधतो, याचे उत्तर मला सापडलेले नाही.

माझ्या अशिलाची तपासणी झाली, अहवाल आला आणि बाहेर राहून उपचार घेता येतील असे डॉक्टरांनी लिहिले. अशा आरोपीला सोडायचे तर नियमित उपचारांची आणि तो स्वतःला किंवा इतरांना इजा करणार नाही याची हमी एखाद्या मित्राने किंवा नातेवाइकाने घ्यावी लागते. एका समाजसेविकेने महिनाभर फोन करून मराठवाड्यातल्या एका गावी त्याचा धाकटा भाऊ शोधून काढला. तारखेला तो रात्रभर एसटीने प्रवास करून आला. पिशवीत सातबाऱ्याचा उतारा आणि आधार कार्डाच्या तीन प्रती होत्या, कारण कोर्ट जमिनीचे कागद मागते असे त्याला गावात सांगितले होते. त्याने द्यायची हमी औषधांची आहे, हे मी व्हरांड्यात त्याला समजावले. त्याने चिठ्ठीवरच्या गोळ्यांची नावे दोनदा वाचायला लावली आणि विचारले, “वकीलसाहेब, ह्या आमच्या तालुक्याला मिळतात का?”