आपले पैसे मागता आले पाहिजेत

गेल्या आठवड्यात एका कॉलेजात उद्योजकतेच्या कार्यक्रमाला बोलावलं होतं. शेवटी एका मुलीने विचारलं, चांगला उद्योजक व्हायला अंगात कुठले गुण पाहिजेत? माझ्या आधीच्या पाहुण्यांचं जिद्द, धाडस, मोठी स्वप्नं असं सगळं सांगून झालं होतं. मी एवढंच म्हटलं, "आपले पैसे तोंडाने मागता आले पाहिजेत." मुलं हसली, त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मी मनापासून बोलत होते, पण वेळ संपली होती. म्हणून इथे लिहिते.

मी सांगलीत गणवेश शिवून देते. कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यांचे आणि तीन शाळांचे. १४ वर्षं झाली. घरातल्या दोन मशीनवर सुरुवात केली, आज शेडमध्ये ११ मशीन आहेत आणि माझ्यासह दहा बायका काम करतो. हे सगळं तिसऱ्या वर्षीच बंद पडणार होतं. कामात खोट नव्हती, ऑर्डरही होत्या. माझी जीभ उचलत नव्हती, एवढंच कारण.

त्या वर्षी एका कारखान्याची ३४० जोडांची ऑर्डर मिळाली होती. जोडाला ६२० रुपये, म्हणजे दोन लाख दहा हजारांच्या वर बिल. तोपर्यंतची सगळ्यात मोठी ऑर्डर. दिवाळीच्या तोंडावर रात्र-रात्र जागून माल दिला, माल पोचल्याच्या चलनावर सही-शिक्का घेतला. एक महिना गेला, दोन गेले. फोन केला की "साहेब मीटिंगमध्ये आहेत", पुढच्या वेळी "बिल अकाउंटला दिलंय". शेवटी एक दिवस बिलाची फाइल घेऊन गाडीवरून थेट गेटवर गेले. वॉचमनच्या केबिनशेजारी बाक होता, तिथे दीड तास बसले. साहेब बाहेर आले, मला बघून हसले आणि म्हणाले, "काय ताई, आज इकडे कुठे?"

आणि मी म्हटलं, "काही नाही, सहज. इकडून चालले होते."

फाइल मांडीवर होती. ती मी ओढणीखाली सरकवली, हेही मला आठवतं. ते "बरं बरं" म्हणत गाडीत बसून गेले आणि मी घरी आले. वाटेत स्वतःची समजूत घालत होते की मोठा माणूस आहे, संबंध बिघडायला नकोत, पुढची ऑर्डर जायची.

दोन दिवसांनी शनिवार, पगाराचा दिवस. माझ्याकडे पगारापुरते पैसे नव्हते. बाकीच्या काही बोलल्या नाहीत, पण आमच्या कटिंगच्या मावशी समोर येऊन उभ्या राहिल्या. "ताई, या आठवड्याचे माझे अठराशे झाले." आवाजात राग नव्हता की लाचारी नव्हती. मी म्हटलं, मावशी, कंपनीकडून आले नाहीत हो अजून. त्या म्हणाल्या, "तुम्ही मागितले का?" मी गप्प. मग त्या म्हणाल्या, "मी कापड कापलं म्हणून मागते. तुम्ही पण शिवून दिलंच की."

मुलीच्या नावाचं आरडी मोडून मी तो शनिवार निभावला. सोमवारी पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसले, आणि या वेळी बोलले. आवाज कापत होता. साहेब जरा चमकले, पण रागावले नाहीत. आठ दिवसांत निम्मी रक्कम आली, उरलेली पुढच्या महिन्यात. ऑर्डरही गेली नाही. ज्या भीतीपोटी मी दोन महिने झुरले, ती खरी नव्हतीच.

ही लाज आपल्यात लहानपणापासून मुरते. पगारदार घरात पैसा एक तारखेला आपोआप येतो, तो कुणाला मागावा लागत नाही. उलट पाहुण्यांसमोर पैशाचं बोलायचं नाही, हेच वळण. व्यापारी घरातलं पोर दहाव्या वर्षी गल्ल्यावर बसतं आणि "मागची बाकी राहिलीय काका" हे हसत म्हणायला शिकतं. ते काही रक्तातून येत नाही, सवयीने येतं. आणि सवय कुणालाही लागते, चाळिशीतही लागते. माझ्या ओळखीत उकडीचे मोदक करणाऱ्या, मेंदी काढणाऱ्या, ब्लाउज शिवणाऱ्या कितीतरी हुशार बायका आहेत. हाताला इतकी चव, इतकी सफाई, आणि भाव विचारला की "द्या काय द्यायचं ते". अगं, तू तीन तास उभी राहिलीस! तुझ्या कामाची किंमत समोरच्याने का ठरवायची?

कुणी म्हणेल, हा काय गुण झाला, ही तर वसुली. पण मला वाटतं बाकीचे सगळे गुण याच्यावर उभे असतात. आमच्याच जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे. पुण्याला जाताना ते स्टेशन आलं की मी दरवेळी खिडकीतून बघते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं, पुढे कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते असं शेतकऱ्यांना वाटे, त्यामुळे सुरुवातीला नांगराला गिऱ्हाईक मिळेना. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी जमीन आणि कर्ज दिलं, आणि १९१० मध्ये माळरानावर ही वाडी उभी राहिली. भाषणांत हे सगळं चिकाटी या एका शब्दात मावतं. मला मात्र दिसतं ते हे की गिऱ्हाइकाची वाट बघत बसायलाही रोजचा खर्च भागवावा लागतो, आणि जमीन-कर्ज पाहिजे असेल तर कुणापाशी तरी शब्द टाकावा लागतो. गल्ला रिकामा असलेल्या माणसाला धीर धरायला सांगणं सोपं आहे, धरणं अवघड.

दुसरं उदाहरण लिज्जत पापडाचं. १५ मार्च १९५९ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. हे सगळ्यांना माहीत असतं. पण ज्यांनी ते पैसे दिले, त्या छगनबाप्पांनी सोबत दिलेला सल्ला फार कमी लोक सांगतात. बायका तेव्हा दोन प्रतीचे पापड करत, एक भारी आणि एक स्वस्त. त्यांनी सांगितलं, एकच चांगली प्रत ठेवा, तिच्यात तडजोड नको, आणि हा धंदा म्हणून चालवा, हिशेब चोख ठेवा. बायकांनीही ठरवून टाकलं होतं की तोटा झाला तरी कुणाकडे देणगी मागायची नाही. मालाचा भाव घ्यायचा, दया घ्यायची नाही. मला त्या सात जणींचं सगळ्यात मोठेपण यात वाटतं.

आता कायद्याचं थोडं, कारण हे माहीत नसल्याने लोक फार सोसतात. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा एमएसएमई कायदा २००६ चा आहे. तुम्ही उद्यम नोंदणी, म्हणजे अशा उद्योगांची सरकारी नोंदणी, केलेले सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असाल, तर लेखी करार असला तरी गिऱ्हाइकाने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात दुरुस्ती झाली. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च कंपनीला त्या वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा दाखवता येत नाही, ज्या वर्षी पैसे देतील त्याच वर्षी येतो. यानंतर मार्चमध्ये, आर्थिक वर्ष संपत आलं की, मला अकाउंट विभागातून स्वतःहून फोन यायला लागले.

मी बिलावर उद्यम नंबर आणि देय तारीख ठळक छापते. पण छापलेलं कुणी वाचलं नाही तर ते वाचून दाखवावं आपल्यालाच लागतं. आणि इकडे पैसे आलेले असोत-नसोत, माझ्यासारख्या दरमहा रिटर्न भरणारीला बिलावरचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरावाच लागतो. सरकार "सहज आले होते" म्हणत नाही.

या गुणाला दुसरी बाजू आहे आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. ज्याला मागता येतं त्याला देताही आलं पाहिजे, आणि देता येत नसेल तर तसं सांगता आलं पाहिजे. माझं कापड इचलकरंजीहून येतं. टाळेबंदीत शाळा बंद, कारखाने बंद, माझ्याकडे व्यापाऱ्याची मोठी बाकी. बरेच जण फोन उचलत नव्हते. मी मुदतीच्या चार दिवस आधी स्वतः फोन केला. सांगितलं, एवढे आता देते, एवढे तीन हप्त्यांत, आणि या तारखांना. तारखा पाळल्या. शाळा उघडल्या तेव्हा त्यांनी ॲडव्हान्स न मागता ठाणं पाठवली. शनिवारचा पगार तर त्या दिवसानंतर एकदाही चुकला नाही. कधीकधी माझा स्वतःचा घरखर्च मागे राहिला, पगार नाही.

आणि सूट? देते की. दरवर्षी जूनमध्ये काही आई-बाप येतात, त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं. त्यांच्या पोराचा गणवेश मी निम्म्या पैशात देते, कधी तसाच देते. पण ते मी ठरवून देते आणि वहीत लिहून ठेवते. भिडेपोटी गेलेले पैसे आणि आपण आनंदाने सोडलेले पैसे यांचा रकाना एक नसतो.

परवा गल्लीतली एक मुलगी आली होती. सहा महिन्यांपूर्वी डबे सुरू केलेत, २२ डबे जातात. म्हणाली, काकू, बंद करावं म्हणते, परवडत नाही. तिची वही बघितली. परवडत होतं! १३ हजार नुसते बाहेर अडकले होते, सात जणांकडे. मी म्हटलं, इथूनच फोन लाव, माझ्यासमोर. तिने पदराने तळहात पुसले. पहिल्या फोनवर ती "दादा, डबा कसा होता?" इथेच अडकली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी वहीतल्या आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "दादा, मागच्या महिन्याचे २४०० राहिलेत. आज पाठवताय की उद्या?"

पलीकडून काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. तिने फोन ठेवला, त्या नावापुढे "आज रात्री" लिहिलं, आणि बोट खालच्या नावावर नेलं.