काकांची कन्व्हर्टिबल घ्यावी का? फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपांवर जोरात फिरतोय, तुम्हालाही आला असेल. म्हणणं असं की लक्झरी कन्व्हर्टिबल, म्हणजे छप्पर उघडणारी गाडी, हवी असेल तर डीलरकडे जाऊच नका, नात्यातल्या कुणाची तरी उभी असलेली गाडी घ्या. ती पाव किमतीत मिळते, कमी चाललेली असते, नात्यात फसवणूक नसते, नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल इन्शुरन्सच्या हप्त्यात मिळणारी सूट) आयता मिळतो, आरसीवरचं नाव सवडीने बदललं तरी चालतं, पैसे रोख दिले किंवा गिफ्ट दाखवली तर टॅक्स वाचतो, आणि नाहीच झेपलं तर घेतलेल्या भावात विकून मोकळं. इतकं गोड लिहिलंय की आमच्या घरात काकांच्या गाडीची खरोखर बोलणी सुरू झाली. म्हणून एकेक मुद्दा घेतो. मेसेजमधला क्रम मात्र पाळणार नाही, कारण सगळ्यात खर्चिक गोष्ट, म्हणजे छप्पर, त्याबद्दल त्यात एक ओळ नाहीये.

आधी 'पाव किमतीत' बघू. ऑडी ए३ कॅब्रिओले भारतात डिसेंबर २०१४ मध्ये आली तेव्हा एक्स-शोरूम ४४.७५ लाख होती, हंगेरीतून तयार होऊन यायची. आज काकांकडची तशी गाडी पाव किमतीत मिळेलही, त्यात खोटं काही नाही. पण गाडीची किंमत उतरली म्हणून तिच्या हेडलाइटची उतरत नाही ना. पार्ट हा ४५ लाखांच्या गाडीचाच असतो आणि त्याच भावात येतो, शिवाय आपल्याकडे आलेल्या जवळजवळ सगळ्या कन्व्हर्टिबल बाहेरून पूर्ण बांधून आलेल्या, त्यामुळे छपराचा किंवा मागच्या काचेचा पार्ट गल्लीतल्या दुकानात नसतो, ऑर्डर टाकायची आणि वाट बघायची. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. आणि १५ वर्षं झाल्यावर रजिस्ट्रेशन रिन्यू करायला साध्या मोटारीला ५,००० लागतात तिथे इम्पोर्टेड चारचाकीला ४०,००० लागतात, हा दर १ एप्रिल २०२२ पासून आहे. २०१२-१३ ची गाडी घेत असाल तर हा खर्च दारात उभाच आहे.

'फक्त १४ हजार किलोमीटर, नवीच समजा.' हे वाक्य ऐकलं की मला उलट धडकी भरते. गाडी चालून जेवढी झिजते तेवढीच उभी राहूनही खराब होते, फक्त ते मीटरवर दिसत नाही. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, समजा २३१७ असेल तर तो टायर २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय, वरची नक्षी कितीही टवटवीत दिसू दे. ब्रेक ऑइल ओलावा ओढतं, ते साधारण दोन वर्षांनी बदलायचंच असतं, गाडी चालली नाही म्हणून कुणी बदललेलं नसतं. बॅटरी बसलेली असते. रबराची सीलं कडक होतात. आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाकून ठेवलेली गाडी म्हणजे उंदरांची सोय, वायरिंग कुरतडलेलं निघालं की मग बसा शोधत.

आता छप्पर. दोन प्रकार असतात, कापडी आणि घडी होणारं पत्र्याचं. २००९ ते २०१६ मधली बीएमडब्ल्यू झेड४ किंवा मर्सिडीज एसएलके ही दुसऱ्या प्रकारातली, ए३ कॅब्रिओले पहिल्या. लोकांना वाटतं कापडी म्हणजे नाजूक आणि पत्र्याचं म्हणजे कटकट नाही, पण कटकट कापडात किंवा पत्र्यात नसतेच, ती खालच्या यंत्रणेत असते. हायड्रॉलिक पंप, सिलिंडर, लॅच आणि प्रत्येक टप्प्यावर एक छोटा सेन्सर किंवा स्विच, जो सांगतो की हो हे झालं आता पुढचं करा. त्यातल्या एकानेही मान टाकली तर छप्पर अर्ध्यात थांबतं, ना उघडं ना बंद, आणि हे व्हायचं तर जूनमध्येच होतं.

दुसरं म्हणजे पाणी. छपराच्या मागच्या बाजूला पन्हळ असते, तिथून पाणी नळ्यांमधून गाडीच्या खाली जातं. गाडी गुलमोहराखाली उभी असेल तर ती बारीक पानं त्या नळ्यांत जाऊन बसतात, तोंड बंद, पाणी तुंबतं, आणि मग ते वाट मिळेल तिकडे म्हणजे डिकीत किंवा सीटखाली उतरतं. बऱ्याच गाड्यांत नेमके तिथेच कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गाडीचे छोटे कॉम्प्युटर, बसवलेले असतात. पहिल्या पिढीच्या झेड४ मध्ये तर छपराची मोटर अशाच एका खड्ड्यात आहे, ड्रेन तुंबला की ती बुडते, त्या गाडीच्या मालकांमध्ये जगभर हे प्रसिद्ध दुखणं आहे.

म्हणून बघायला जाल तेव्हा चहा नंतर. आधी डिकीतलं कार्पेट उचलून खालच्या खळग्यात हात घाला, ओल किंवा गंज लागतोय का बघा. सीटखालचं कार्पेट तळहाताने दाबा. काचा बंद ठेवून पाच मिनिटं आत बसा, कुबट वास आला तर तोच रिपोर्ट समजा, डॅशबोर्डवर नवीन परफ्यूमची बाटली दिसली तर दोनदा हुंगा. मग इंजिन चालू ठेवून छप्पर पुन्हा पुन्हा उघडा-मिटा, एकदा करून समाधान मानू नका, पंपाचा आवाज ओढल्यासारखा होतोय का ऐका. (डिकीतला पडदा खाली ओढलेला नसेल तर बऱ्याच गाड्यांत छप्पर हलतच नाही, तेवढ्यावरून काकांना बोलू नका.) या गाड्यांच्या दारांना वर चौकट नसते, दार उघडताना काच किंचित खाली यायला हवी, येत नसेल तर तिथेही काम निघालं. शेवटी नळीने छपरावर बराच वेळ पाणी मारा. काकू वरून बघत असतील तर बघू देत.

यातलं काहीही बिघडलं तर इन्शुरन्स देईल असं वाटत असेल तर नाही देणार. झीज आणि यांत्रिक किंवा इलेक्ट्रिकल बिघाड हा साध्या मोटर पॉलिसीत धरतच नाहीत, अपघात वगैरे झाला तरच. आणि अपघातातही झिरो डेप (पार्टची घट न कापता पैसे देणारं जादा कव्हर) नसेल तर रबर-प्लास्टिकच्या पार्टचे निम्मे पैसे तुमच्या खिशातून, जुन्या गाडीला झिरो डेप मिळणं तर अवघडच.

'नात्यात फसवणूक नसते.' मान्य, अगदी मान्य. काका फसवणार नाहीत, पण काकांना माहीत तरी असतं का? गाडी सर्व्हिसला ड्रायव्हर न्यायचा, बिल ऑफिसातून भरलं जायचं, काका रविवारी टोपी घालून लोणावळ्याला जाऊन यायचे. त्यांना विचारलं तर ते मनापासून सांगतील की काहीच प्रॉब्लेम नाही. परक्याकडून घेताना आपण संशयाने बघतो, मेकॅनिक नेतो, घासाघीस करतो, आणि इथे भीडेपोटी यातलं काहीच करत नाही, नात्यातला खरा धोका हा आहे. त्यावर साधा उपाय, काकांनाच सांगायचं की तुम्ही मालक आहात, तुम्ही अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून चासी नंबरवरून सगळी हिस्टरी मागवा, आणि बाहेरच्या गॅरेजमध्ये गाडीचं कॉम्प्युटर स्कॅन मी माझ्या पैशाने करतो. भावासाठी जुन्या गाड्यांच्या एक-दोन डीलरांकडून गाडी दाखवून आकडा घ्या. मग काका-पुतण्यात भाव ठरवायची वेळच येत नाही.

आणि गाडी काकांची आहे ना हे आधी आरसीवर बघा. हसू नका, लक्झरी गाड्या बऱ्याचदा फर्मच्या किंवा कंपनीच्या नावावर घेतलेल्या असतात, घसारा दाखवता येतो म्हणून. मग विकणारे काका नाहीत, कंपनी आहे, बाकीच्या पार्टनरांची किंवा डायरेक्टरांची संमती लागते, कंपनीने बिल करायला हवं आणि जीएसटीचा प्रश्नही येतो. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी कौन्सिलच्या जैसलमेरच्या बैठकीनंतर आता कुणीही जुनी गाडी विकली की १८ टक्के असा गोंधळ उडाला होता, तसं काही नाहीये. माणसाने स्वतःची गाडी दुसऱ्या माणसाला विकली तर जीएसटी नाही. पण जीएसटीत नोंद असलेल्या आणि घसारा घेतलेल्या फर्मने विकली तर विक्रीची किंमत आणि घसारा वजा करून उरलेली किंमत यांच्यातल्या फरकावर तो लागतो, फरक उणे असेल तर शून्य.

मामा वारले आणि मामी गाडी देतायत हा प्रकार तर आणखी वेगळा. तिथे आधी फॉर्म ३१ ने गाडी वारसाच्या नावावर यायला हवी, बाकी वारसांची संमती हवी, त्यात एखादा मामेभाऊ न्यू जर्सीत असतो आणि त्याला ही गाडी विकायचीच नसते.

'नाव नंतर बदलू, घरातलंच आहे.' हा त्या मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० भरायचे, विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत, हे मोटार वाहन कायद्यातच आहे. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायला फॉर्म ३५. का एवढं? कारण २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलंय की गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली तरी आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्यावर. म्हणजे छप्पर उघडून तुम्ही गाडी ठोकणार आणि नोटीस सत्तरीच्या काकांना. डिलिव्हरी नोट, म्हणजे गाडी ताब्यात दिल्याची लेखी पावती, करा, तिच्यावर तारखेबरोबर वेळही टाका, चलनांचा वाद तिथेच मिटतो. जुनी चलनं आधीच तपासा, २०१९ च्या १ एप्रिलआधीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, लागलीय का बघा, आणि काकांचा फास्टॅग काढून घ्या, नाहीतर तुमचा एक्सप्रेसवेचा टोल त्यांच्या खात्यातून जात राहील.

नो क्लेम बोनस आयता मिळतो म्हणे. नाही मिळत. तो गाडीला चिकटलेला नसतो, माणसाला असतो, काकांचा ५० टक्के बोनस काका त्यांच्या पुढच्या गाडीला वापरतील. (मालक वारला असेल आणि गाडी बायको-मुलांकडे किंवा आईवडिलांकडे आली तर गोष्ट वेगळी.) तुम्ही १४ दिवसांत पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घ्यायची आणि बोनसच्या फरकाचे पैसे भरायचे. थर्ड पार्टी भाग, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, आपोआप तुमच्याकडे येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा येत नाही, आणि इथे महाग तीच गाडी आहे.

रोख आणि गिफ्ट. २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायलाच बंदी आहे, काका असोत नाहीतर सख्खा बाप, आणि दंड घेणाऱ्याला, घेतली तेवढ्याच रकमेचा. गिफ्ट दाखवून तर काहीच वाचत नाही, फ्लॅटसारखी स्टॅम्प ड्युटी इथे नसते, आरटीओची ट्रान्सफर फी ठरलेली आणि तुलनेत किरकोळ असते, ती तुमच्या सौद्याच्या किमतीवर ठरत नाही. कागदावर गिफ्ट आणि बँकेतून १२ लाख गेलेले, हे उद्या समजावत कोण बसणार.

दिल्लीच्या आत्याकडची आणखी स्वस्त पडते असाही एक उपमुद्दा आहे. तिथून फॉर्म २८ ची एनओसी, इथे पुन्हा नोंदणी आणि वयाप्रमाणे महाराष्ट्राचा टॅक्स, तिकडच्या टॅक्सचा परतावा मागायला तिकडेच अर्ज. हे सगळं बेरजेत धरून बघा. दुबईच्या आतेभावाची तर सोडूनच द्या, तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं.

राहिला शेवटचा मुद्दा, घेतलेल्या भावात विकू. कुणाला? उन्हात, धुळीत आणि चार महिने पावसात छप्पर बंद ठेवून फिरायची ही गाडी, मागच्या सीटवर आईवडील नीट बसत नाहीत, गिऱ्हाईक मुळात थोडं, आणि त्या थोड्यांनाही तुमच्यासारखेच काका असतात. वर नात्यातली वस्तू बाहेर विकायला काढायची म्हणजे आधी काकूंना सांगावं लागतं, नाहीतर जाहिरात त्यांना दुसऱ्या कुणीतरी दाखवतंच, आणि मग पुढच्या गणपतीत आरतीनंतर सगळ्यांसमोर ऐकायचं की आम्हाला विचारलं असतंस तर आम्हीच परत घेतली असती.