‘रक्तगट जुळला की किडनी जुळली’ म्हणे!

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तिघांनी पाठवला. ‘किडनी घरच्याची आणि रक्तगट एकच असेल तर शरीर ती कधीच नाकारत नाही. पहिलं वर्ष निभावलं की धोका संपला, पुढच्या गोळ्या म्हणजे कंपन्यांचा धंदा. क्रिएटिनिन नॉर्मल, मग तपासण्या कशाला?’ पाठवणाऱ्यांपैकी एका काकांना दोनच वर्षांपूर्वी किडनी बसवलीय, म्हणून लिहायला बसले.

आधी रक्तगट. माझा बी पॉझिटिव्ह, नवऱ्याचाही तोच. किडनी द्यायला तो एका पायावर तयार. पण क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आली. सासूबाई म्हणाल्या, “पॉझिटिव्ह म्हणजे चांगलंच ना?” नव्हतं. दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या सिरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पाण्यासारख्या भागात, घालून बघतात. त्यांच्याविरुद्धच्या अँटीबॉडी अंगात आधीच असतील तर इथे कळतं. माझ्या अंगात त्या आल्या दोन बाळंतपणांतून. मुलांच्या पेशींवरच्या एचएलए नावाच्या खुणांपैकी निम्म्या बापाच्या असतात, आणि गरोदरपणात आईचं शरीर त्या ओळखून ठेवू शकतं. रक्त चढवल्यानंही असं होतं. म्हणजे मुलगा आईला किडनी देतो तेव्हाही नुसत्या रक्ताच्या नात्यावर भागत नाही. सख्ख्या भावंडांतसुद्धा एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. माझ्या भावाचं निम्मंच जुळलं, पण क्रॉसमॅच निगेटिव्ह आली आणि काम झालं.

ही तपासणी हट्टानं का करतात? पटेल आणि तेरासाकी या संशोधकांनी 1969 साली आकडे मांडले: क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असताना बसवलेल्या 30 किडन्यांपैकी 24 लगेच निकामी झाल्या; निगेटिव्ह असलेल्या 195 पैकी फक्त 8.

‘कधीच नाही’ हे एकसारख्या जुळ्यांना बहुतेक लागू पडतं. बॉस्टनमध्ये 1954 साली झालेलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण तसंच होतं. तुमचा जुळा भाऊ असेल तर गोष्ट वेगळी.

वर्षाचं म्हणाल, तर सुरुवातीचे महिने नाजूक असतात आणि पुढे डॉक्टर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांचा डोस उतरवतात, एवढं खरं. पण नव्या किडनीविरुद्ध अँटीबॉडी काही वर्षांनीही तयार होतात, आणि गोळ्या चुकवणं हे त्याचं एक मोठं कारण. गोळ्या महाग आहेत, ही तक्रार माझीही आहे. ती डॉक्टरांकडे करायची, डबीवर राग काढायचा नाही.

क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्त किती साफ करते ते दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा, हा तर उशिरा जागा होणारा पहारेकरी. अँटीबॉडी किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर हल्ला करतात. आकडा वर सरकेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असू शकतं. त्याआधी कधी लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, कधी डीएसए तपासणीत, म्हणजे दात्याविरुद्धच्या अँटीबॉडी शोधणाऱ्या रक्ततपासणीत, त्या सापडतात. खात्री बायोप्सीनंच. ताज्या हल्ल्यावर प्लाझ्मा बदलणं, आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या, निरोगी दात्यांच्या अँटीबॉडी) असे उपाय करतात. जुनाट झाल्यावर हमखास इलाज नाही.

काकांना फोन केला. रात्रीची टॅक्रोलिमस, म्हणजे किडनी नाकारली जाऊ नये म्हणून घ्यायची गोळी, दहा दिवसांपासून बंद! डॉक्टरांना लगेच फोन करायला लावला. उद्या सकाळी रक्तातली औषधाची लेव्हल बघायला रक्त द्यायचंय, सकाळची गोळी खिशात ठेवून. रक्त दिल्यावर घ्यायची, आधी नाही, हे दोनदा सांगितलं.