टॉर्पेडो फुटत नसेल तर खापर फोडा

समजा, ऐन युद्धात एखाद्या नौदलाचं शस्त्रखातं तुमच्या गळ्यात पडलं, तर घाबरू नका. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या शस्त्रखात्यानं पाणबुडीतून सोडायच्या मार्क-१४ टॉर्पेडोच्या बाबतीत जो कित्ता घालून दिला, तो गिरवा.

आधी चाचण्यांचा नाद सोडा. एकेक टॉर्पेडो सुमारे १०,००० डॉलरचा. फोडून बघायला ती काय दिवाळी आहे? जहाजाचं चुंबकत्व जाणवलं की टॉर्पेडो फोडणाऱ्या चुंबकीय स्फोटयंत्रणेचे दोन बार १९२६ मध्ये एका जुन्या पाणबुडीवर काढले होते. एक फुसका निघाला, एक फुटला. झाली की चाचणी! पुढे नौदलप्रमुखांनी एक मोडीत निघालेली विनाशिका देऊ केली, पण खरी स्फोटकं वापरायची नाहीत आणि चुकून बुडालीच तर वर काढायचा खर्च खात्यानं सोसायचा, या बोलीवर. अशा अटींचे मनोमन आभार माना. यंत्रणेची माहितीपुस्तिका मात्र तिजोरीत ठेवा. शत्रूच्या हाती पडायला नको, आणि आपल्या खलाशांच्या तर नकोच नको.

युद्ध पेटलं की कुरकुर सुरू होईल. ‘सार्गो’ पाणबुडीनं डिसेंबर १९४१ मध्ये १३ टॉर्पेडो सोडले, जहाज एकही बुडालं नाही. कप्तान वैतागून थेट रेडिओवर बोलला. अशांना एकच उत्तर द्या: नेम सुधारा.

खरी डोकेदुखी पाणबुडी दलाच्या लॉकवूड यांच्यासारख्या अधिकाऱ्यांची. जून १९४२ मध्ये या गृहस्थांनी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर मासेमारीचं जाळं पाण्यात ताणलं, त्यावर टॉर्पेडो सोडले आणि भोकं मोजली. टॉर्पेडो ठरल्यापेक्षा सरासरी ११ फूट खालून जात होते, म्हणजे जहाजांच्या पोटाखालून सुखरूप! यावर खात्यानं कळवलं की चाचणीची पद्धतच सदोष आहे. हे वाक्य पाठ करून ठेवा. दीडेक महिना सहज निघतो.

एक दोष कबूल केलात की त्याच्या आडचा दुसरा बाहेर येतो, हे लक्षात असू द्या. जुलै १९४३ मध्ये ‘टिनोसा’ पाणबुडीनं ‘तोनान मारू’ हे जपानी जहाज जागच्या जागी थांबवलं आणि निवांतपणे, अगदी काटकोनात, एकामागून एक टॉर्पेडो मारले. एकूण १५ सोडले, त्यातले ११ जहाजावर आदळून गप्प बसले. उरलेला एक कप्तानानं तपासणीसाठी परत आणला. मग हवाईत कड्यावर टॉर्पेडो मारून पाहिले, तेव्हा उलगडा झाला: सरळ आदळला की स्फोट घडवणारी आतली पिन चेपते, तिरका घासला की फुटतो. म्हणजे ज्याचा नेम पक्का, त्याचाच बार फुसका.

नवी पिन तयार होईपर्यंत पाणबुड्यांना तेवढं कळवून टाका: जरा वाकडं मारा.