सूज कमी होते हे खरं, पण डोसचं काय?

मेलाटोनिन म्हणजे झोपेचं हार्मोन, त्याच्या गोळ्यांवरच्या एका लेखात लिहिलंय की ते घेतल्याने शरीरातली सूज आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (पेशींना आतून चढणारा एक प्रकारचा गंज) कमी होतो, म्हणून रोज घ्यायला हरकत नाही. पहिलं अर्धं ठीक आहे हो, बऱ्याच ट्रायल्स एकत्र करून बघितल्यावर सीआरपी, आयएल-६, टीएनएफ-अल्फा हे रक्तातले सूज दाखवणारे मार्कर थोडे खाली येतात आणि एमडीए म्हणजे पेशींच्या चरबीला जो गंज चढतो त्याचा मार्कर तोही कमी दिसतो. पण यातल्या बहुतेक ट्रायल्स लहान, काही आठवड्यांच्या आणि आधीच डायबिटीस वगैरे असलेल्या लोकांवरच्या, मग धडधाकट माणसाने कशाला गृहीत धरायचं?

माझ्या आईला आमवात आहे म्हणून मी हे सगळं वाचत बसले. रोज सकाळी बोटं इतकी आखडलेली असतात की कपाचा कान धरता येत नाही, त्यामुळे सूज कमी करणारं काही दिसलं की जीव लगेच तिकडे धावतो. पण आमवाताच्या रुग्णांना १० मिलीग्रॅम सहा महिने देऊन पाहिलं तेव्हा आजारात फरक पडला नाही, उलट ईएसआर, म्हणजे रक्तातला सूज दाखवणारा आकडा, वाढला! हे लेखात यायलाच हवं होतं.

आणि गोळ्यांचं म्हणाल तर २०१७ मध्ये कॅनडात ३१ सप्लिमेंट्स तपासले, काहींत लेबलपेक्षा ८३ टक्के कमी तर एकात ४७८ टक्के जास्त मेलाटोनिन, ८ मध्ये तर चक्क सेरोटोनिन, म्हणजे मूडवर परिणाम करणारं वेगळंच रसायन. फ्लुवोक्सामिन हे डिप्रेशन-ओसीडीवरचं औषध चालू असेल तर रक्तातली मेलाटोनिनची पातळी कितीतरी पट वाढते, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्लीज कोणी सुरू करू नका.