‘दोन वर्षं शिकून शेवटी टिपणीच लिहायची ना?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

पब्लिक पॉलिसीच्या, म्हणजे सार्वजनिक धोरणाच्या, मास्टर्सवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. त्यामुळे दोन ओळींत आभार मानून मोकळा होत नाही.

लेख न वाचलेल्यांसाठी तुमचे आक्षेप आधी मांडतो. अभ्यासक्रम ना धड अर्थशास्त्राचा, ना धड राज्यशास्त्राचा. अर्धा वेळ गणितात जातो, आणि कचेरीत कोणी रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांत मोजायची पद्धत) चालवत बसत नाही. दोन पानांचा मेमो लिहायला शिकवणं ही कारकुनी. निर्णय तर राजकारणच घेतं. आणि या सगळ्याच्या मुळाशी असलेलं तुमचं वाक्य: ‘कचेरीत सहा महिने काढले की हे आपोआप कळतं.’

पहिल्या चारांपैकी निम्मं मला मान्य आहे. या शेवटच्या वाक्याशी मात्र माझं जमत नाही.

फाईल कुठे अडते, कुणाला आधी विचारावं लागतं, मार्चमध्ये पैसे का घाईघाईनं खर्ची पडतात, हे कचेरीतच कळतं. वर्गात ते शिकवायचा प्रयत्न केला तर पुस्तकी आणि हास्यास्पद होतं. पण कचेरीत एक गोष्ट कधीच दिसत नाही, ती म्हणजे न घेतलेला निर्णय. योजना राबवली, आकडे सुधारले, अहवाल छापला. योजना राबवली नसती तर ते आकडे किती सुधारले असते, याची फाईलच नसते. वीस वर्षं नोकरी केली तरी ती समोर येणार नाही. ‘कशाच्या तुलनेत?’ हा प्रश्न सवयीनं विचारता यावा, एवढ्यासाठी ही पदवी आहे. बाकीचं बरंचसं खरोखरच नोकरीत शिकता येतं.

तुम्ही गणिताला नावं ठेवलीत, म्हणून वर्गात हमखास शिकवलं जाणारं एक उदाहरण घेतो. १ एप्रिल १९९२ रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर झालं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते होतं तेवढंच राहिलं. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी न्यू जर्सी आणि पूर्व पेनसिल्व्हेनिया मिळून ४१० फास्ट फूड दुकानांची वाढीच्या आधी आणि नंतर, मुख्यतः फोनवरून, पाहणी केली. अर्धवेळ माणूस अर्धा धरून दुकानामागे सरासरी किती कर्मचारी, ते मोजलं. न्यू जर्सीत आधी २०.४४, नंतर २१.०३. पेनसिल्व्हेनियात आधी २३.३३, नंतर २१.१७.

फक्त न्यू जर्सी पाहणारा म्हणेल, ०.५९ वाढ, म्हणजे विशेष काही घडलं नाही. पण शेजारी त्याच काळात २.१६ ची घट झाली. न्यू जर्सीतही तशीच घट होणार होती असं धरलं, तर वेतनवाढीशी जोडता येणारा फरक ०.५९ अधिक २.१६, म्हणजे २.७५ कर्मचारी. वेतन वाढलं की नोकऱ्या जाणार, हा ठरलेला अंदाज इथे उलटा पडला. गणित किती लागलं? चार आकडे, तीन वजाबाक्या.

खरं अवघड काम वजाबाकीच्या आधीचं आहे: ‘असं धरलं तर’ हे धरायचं का? शेजारचं राज्य खरंच तुलनेला चालतं का? वेतनवाढीच्या आधीची काही वर्षं दोन्हीकडचे आकडे एकाच दिशेनं चालले होते का? फोनवर विचारलेला आकडा आणि पगारपत्रकातला आकडा जुळतो का? हा शेवटचा प्रश्न धरूनच डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी पगारपत्रकांचे आकडे घेतले आणि त्यांचा निष्कर्ष वेगळा निघाला. वाद पुढे बरीच वर्षं चालला. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं तरी तो मिटला असं म्हणवत नाही. कचेरीत तुम्ही स्वतः रिग्रेशन चालवणार नाही, हे कबूल. पण कोणीतरी सल्लागार ते चालवून तुमच्या टेबलावर ठेवणार, आणि तेव्हा हे चार प्रश्न विचारणारं त्या खोलीत कोणी नसेल तर त्याचा निष्कर्ष जसाच्या तसा आदेशात उतरतो.

गणिताबाबत माझी एक चूक मात्र दुरुस्त करतो. ‘शाळेतलं गणित पुरतं’ असं मी लिहिलं होतं. ते फार ढोबळ होतं. रेषेचा चढ म्हणजे काय, साध्या फलाचं डेरिव्हेटिव्ह, लॉगॅरिदम आणि सशर्त संभाव्यता, एवढं हाताला असलं पाहिजे. नसेल तर पहिल्या सत्रात मायक्रो (सूक्ष्म अर्थशास्त्र) आणि स्टॅटिस्टिक्स एकदम अंगावर येतात. दर आठवड्याचा एकेका विषयाचा गृहपाठ सहा-आठ तास खातो, आणि चौथ्या आठवड्यात मागे पडलेला विद्यार्थी सत्र संपेपर्यंत मागेच राहतो. माणसं अडकतात ती मात्र कॅल्क्युलसवर नाही, आकडे वाचण्यावर. प्रमाण २० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेलं, तर ती वाढ पाच टक्के-अंकांची, पण पंचवीस टक्क्यांची. दोन्ही बरोबर आहेत, आणि जाहिरातीत कुठली छापली जाते हे सांगायला नको. दुसरा सापळा ‘सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय’ या शब्दांचा. लक्षणीय म्हणजे मोठा नव्हे, निव्वळ योगायोगानं आलेला नसावा एवढंच. लाखभर लोकांच्या डेटात नगण्य परिणामही लक्षणीय ठरतो. आधी परिणामाचा आकार बघायचा, मग त्याच्या आजूबाजूची अनिश्चितता, आणि ‘लक्षणीय’ आकड्यांपुढे तक्त्यात छापलेले तारे सगळ्यात शेवटी.

आता मेमो. आपल्याकडे मेमो म्हटलं की कारणे दाखवा नोटीस आठवते, त्यामुळे शब्दच बदनाम आहे, टिपणी म्हणू. टिपणी लिहिणं कारकुनी आहे असं ज्याला वाटतं, त्यानं समस्येचं पहिलं वाक्य लिहून बघावं. बहुतेक जण असं लिहितात: ‘बाजारपेठेत पार्किंगच्या जागा अपुऱ्या आहेत.’ वाक्य निरुपद्रवी दिसतं, पण त्यात उत्तर आधीच दडलेलं आहे: जागा वाढवा. पुढचे सगळे पर्याय मग मजले किती आणि कंत्राट कसं यातच फिरतात. तेच असं लिहा: ‘सकाळी दहा ते एक या वेळात बाजारपेठेत आलेल्या वाहनाला जागा सापडेपर्यंत सरासरी अमुक मिनिटं फिरावं लागतं.’ आता दर बदलणं, वेळेची मर्यादा घालणं, दुकानदारांच्या स्वतःच्या गाड्या हलवणं, माल उतरवायची वेळ बदलणं, हे सगळे पर्याय आत येतात. पार्किंगचा अभ्यास करणारे अमेरिकन प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी आयुष्यभर हेच सांगितलं: रस्त्यावरच्या साधारण ८५ टक्के जागा भरलेल्या राहतील असा दर ठेवा, म्हणजे प्रत्येक पट्ट्यात एखाद-दुसरी जागा मोकळी सापडते. पहिल्या वाक्यातून या उत्तरापर्यंत कोणी पोचलंच नसतं. आणि हो, त्या ‘अमुक’च्या जागी खरा आकडा टाकायला दोन दिवस घड्याळ घेऊन रस्त्यावर उभं राहावं लागतं.

पुढची पायरी पर्यायांच्या तक्त्याची. उभे पर्याय, आडवे निकष: खर्च, परिणाम, कुणावर बोजा, अंमलबजावणी जमेल का. इथे दोन खोड्या हमखास होतात. एक म्हणजे तीन पर्यायांतले दोन मुद्दाम पाडायला उभे केलेले असतात. दुसरी, चौकटीत आकड्यांऐवजी अधिक-उण्याची चिन्हं भरायची आणि शेवटी त्यांची बेरीज करून विजेता काढायचा. दोन अधिक चिन्हं सारख्या वजनाची आहेत हे कुणी ठरवलं? चौकटीत एककासह आकडा लिहा, नसेल तर एक पूर्ण वाक्य लिहा. आणि ‘आहे तसं चालू ठेवणे’ ही ओळ कधीच गाळू नका. तीच तर तुलनेची पट्टी.

खर्चाच्या चौकटीत आणखी एक गोष्ट शांतपणे निकाल फिरवून जाते: सूट-दर, म्हणजे डिस्काउंट रेट, भविष्यातल्या रकमेची आजची किंमत काढायचा वार्षिक दर. वीस वर्षांनी मिळणारा १०० कोटींचा फायदा आज केवढा धरायचा? ३ टक्क्यांनी तो सुमारे ५५ कोटी होतो, ७ टक्क्यांनी जेमतेम २६. प्रकल्पाची एक वीटही न बदलता तो निम्म्याहून खाली आला. ब्रिटिश सरकार बराच काळ ३.५ टक्के वापरत आलं आहे. अमेरिकेच्या २००३ च्या मार्गदर्शक सूचनांत ३ आणि ७ अशा दोन्ही दरांनी हिशेब करून दाखवायला सांगितलं होतं. अहवाल हातात आला की आधी हा दर शोधायचा. तो तळटीपेत असतो, किंवा परिशिष्टात, किंवा नसतोच.

राजकारणाबद्दलचा तुमचा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, आणि या विषयाच्या जन्मातच त्याचं कारण आहे. १९६१ पासून संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यात हिशेबी पद्धतीनं कार्यक्रम आखायला सुरुवात केली, १९६५ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी तीच पद्धत बाकीच्या खात्यांवर लादली आणि १९७१ मध्ये ती गुंडाळली गेली. साधारण त्याच काळात पब्लिक पॉलिसीचे स्वतंत्र अभ्यासक्रम उभे राहिले, आणि ‘आकडे दिले की निर्णय बरोबर होतील’ हा भाबडेपणा सुरुवातीला त्यांच्यातही होता. आता चांगल्या अभ्यासक्रमात अंमलबजावणीचा स्वतंत्र विषय असतो, आणि त्यात टेनेसी-कॅलिफोर्नियाची जोडी शिकवतात.

टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात सुमारे ८० शाळांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी मुलं वाटली: काही १३ ते १७ च्या छोट्या वर्गांत, काही २२ ते २५ च्या नेहमीच्या. छोट्या वर्गातल्या मुलांना फायदा झाला. पुरावा इतका स्वच्छ क्वचित मिळतो. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियानं राज्यभर लहान इयत्तांचे वर्ग २० वर आणायला पैसे देऊ केले. एकाएकी हजारो शिक्षक हवे झाले. बऱ्या भागातल्या शाळांनी अनुभवी शिक्षक ओढून घेतले, गरीब वस्त्यांतल्या शाळांना पूर्ण पात्रता नसलेले भरावे लागले. ग्रंथालयं आणि खेळाच्या खोल्या वर्गांसाठी गेल्या. पुरावा खोटा नव्हता. पण प्रयोगात शिक्षकांचा तुटवडा पडलाच नव्हता, कारण तो थोड्या शाळांपुरता होता. राज्यभर नेताना तुलनेचा आधारच बदलला.

म्हणून राजकारण हे विश्लेषणाच्या बाहेरचं समजू नका, तेही तक्त्यात आणा: कुणाचं काय जाणार, कधी जाणार आणि तो काय अडवू शकतो. फायदा लाखोंत विखुरलेला आणि तोटा पन्नास जणांत एकवटलेला असेल, तर ते पन्नास जण प्रत्येक बैठकीला येतील, लाखांतला एकही येणार नाही. हे आधी लिहून ठेवलं तर निदान योजनेचा क्रम बदलता येतो.

ही पदवी सगळ्यांसाठी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. संशोधनच करायचं असेल तर सरळ अर्थशास्त्राकडे जा. दहा वर्षं प्रशासनात घालवलेल्यांना एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरेल. बाकीच्यांनी माहितीपत्रकाकडे दुर्लक्ष करून विषयवार अभ्यासक्रम मागवावा. स्टॅटिस्टिक्स एका सत्राचं आहे की दोन, शेवटचा कॅपस्टोन प्रकल्प खऱ्या संस्थेसाठी आणि तिच्या डेटावर होतो की नुसता प्रबंध लिहून द्यायचा असतो, आणि माजी विद्यार्थ्यांच्या पहिल्या नोकरीचं पदनाम काय, एवढं पाहिलं की बरंच कळतं. कॅपस्टोन निवडताना डेटा कधी हातात येणार, हे पहिल्याच आठवड्यात लेखी घ्या. बहुतेक प्रकल्प विश्लेषणात फसत नाहीत, परवानगीची वाट बघण्यात संपतात.

शेवटी तुम्ही विचारलंत की आकडेवारीच्या सॉफ्टवेअरपैकी प्रवेशाआधी स्टेटा शिकायचं की आर. आर फुकट आहे, तेच घ्या. विभाग स्टेटा वापरत असेल तर तीन आठवड्यांत बदलता येईल. पण त्याआधी एक करून बघा. एखाद्या सरकारी मूल्यमापन अहवालातला मुख्य तक्ता उघडा, त्याच्या शेजारचा मजकूर झाका, आणि त्या तक्त्यावरून दीडशे शब्दांत लिहा: कुणाची तुलना कुणाशी केली, फरक किती, कोणत्या एककात, आणि तो फरक योजनेमुळे नसेल तर आणखी कशामुळे असू शकतो. मग झाकलेला मजकूर वाचा. जिथे तुमचं आणि अहवालाचं जुळणार नाही, तिथे पेन्सिलीनं खूण करून ठेवा.